टेबलावरची पहिली बाई

१

बुआफानचा कबुलीजबाब टाइप होऊन तयार होता. फक्त सही राहिली होती, आणि तीही सोमवारी सकाळी होऊन जाईल, असं डॉ. थानिन हसत हसत सांगत होता.

"म्हणजे पोलिसांचं काम तुम्हीच उरकलंत," सायफिन म्हणाली. "माझंही उरकलंत. मग मला कशाला बोलावलंत? कॉफी प्यायला?"

"घ्या ना ताई, कॉफी घ्याच. चियांग रायच्या डोंगरातली आहे."

सायफिननं कपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आरोग्य खात्यात तपासनीस म्हणून तिची एकतीस वर्षं गेली होती. बर्फाचे कारखाने, हॉटेलांची स्वयंपाकघरं, दातांचे दवाखाने, सगळीकडे नाक खुपसून झालं होतं. भिंतीवर प्रशस्तिपत्रकं जितकी जास्त, तितकं मोरीत वाकून बघायचं हा तिचा शिरस्ता होता. दाराचन क्लिनिकच्या भिंतीवर एकोणीस चौकटी होत्या, लंडनपासून सोलपर्यंतच्या. तिनं मोजल्या होत्या.

प्रकरण असं. जून-जुलैत पाच ऑस्ट्रेलियन बायका फुकेतला आल्या. कुणाला भरलेली छाती हवी होती, कुणाला टोकदार हनुवटी. दहा दिवसांचं पॅकेज: विमानतळावरून गाडी, समुद्रासमोर खोली, मधल्या एका सकाळी शस्त्रक्रिया, आणि उरलेल्या दिवसांत हत्ती, मालिश आणि शहाळी. बायका खुशीत घरी गेल्या. महिन्याभरानं टाके जांभळे पडले, गाठी आल्या, गाठींतून पू यायला लागला. साधी औषधं काही केल्या लागू पडेनात. ग्लेनिस नावाची एक, पर्थमध्ये शाळेची बस चालवणारी, चारदा पुन्हा कापून घेऊन आता पाचव्यांदा टेबलावर होती. तिकडच्या प्रयोगशाळेला पाचही जणींत एकच जंतू सापडला. नळाच्या, विहिरीच्या पाण्यात सुखानं नांदणारा, आणि एकदा का मांसात शिरला की वर्षभर औषधं खाल्ल्याशिवाय बाहेर न निघणारा. गेले तीन आठवडे क्लिनिकला टाळं होतं.

"अडाणी बाई हो," थानिन सांगत होता. "पंधरा वर्षं इथे हत्यारं धुते, निर्जंतुक करते. गळ्यात चार ताईत, मनगटाला दोरे. यंत्र अर्धवट चालवून हत्यारं बाहेर काढत असणार. या बायकांना जंतू डोळ्यांना दिसत नाही म्हणजे तो नाहीच, असं वाटतं. विज्ञान शिकवून शिकवून मी थकलो."

"अरेरे, फार दमलात," सायफिन म्हणाली. "शस्त्रक्रियांची नोंदवही आणा बघू."

नोंदवही सुंदर होती. कातडी बांधणी, सोनेरी अक्षरं. सायफिननं पाचही नावांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसली.

"डॉक्टर, या पाचही जणी त्या त्या दिवशी टेबलावर पहिल्या होत्या."

"योगायोग आहे."

"पहिलीची हत्यारं आदल्या संध्याकाळी निवांत तयार होतात. घाई असते ती दुसऱ्या-तिसऱ्या बाईच्या वेळी. बुआफान कामचुकार असती तर त्या आजारी पडल्या असत्या. त्या ठणठणीत आहेत. ही कसली कामचुकार, जी घाईत चुकत नाही आणि सवडीनं चुकते?"

थानिनचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण दात आत गेले.

"आणि दुसरं," सायफिन नोंदवही मिटत म्हणाली, "रोजचीही पहिली आजारी नाही. दोन महिन्यांत पहिल्या बायका चाळीस तरी होऊन गेल्या. त्यांतल्या नेमक्या पाचच का?"

२

परदेशी बायका गोळा करून आणायचं काम ओराथाईचं. तिचं ऑफिस गुलाबी होतं. पडदे गुलाबी, खुर्च्या गुलाबी, आणि भिंतीवर पांढऱ्या वाळूच्या चित्रांचं परदेशी कॅलेंडर.

"माझ्या मुलींना काय झालं हो ताई!" ती म्हणाली. तिच्या या मुली पन्नाशीच्या होत्या. "रात्ररात्र झोप नाही मला."

"दिसतंय. पापण्या एवढ्या जड झाल्यात," सायफिन म्हणाली. पापण्या खोट्या होत्या. "टाके ओले असताना तुझ्या मुली पोहायच्या ना? तुझ्या इमारतीच्या स्विमिंगच्या टाकीत?"

"मी नको म्हणते! इंग्रजीत पाटी लावलीय!"

"पाटीचं ठेव बाजूला. कोण कोण उतरलं?"

ओराथाईनं आधी कुणीच नाही म्हटलं, मग एकदोघी म्हटलं, आणि सायफिननं पेन काढल्यावर सगळ्याच म्हटलं. अशा माणसांकडून खरं काढायला सायफिनला फार काही करावं लागत नसे. ती नुसती बसून राहायची. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसवत नाही.

"पण ताई, टाकीमुळे नाही हो झालं! ती मॉरीन बघा ना. एकोणीस जुलैला शस्त्रक्रिया झाली. तेरा जुलैच्या डेबोराबरोबर एकाच खोलीत राहायची, दोघी एकाच टाकीत डुंबायच्या, एकाच ताटात खायच्या. डेबोरा आजारी पडली, मॉरीन मजेत आहे. परवाच तिनं मला फोटो पाठवले. नको तेवढे."

"मॉरीन त्या दिवशी कितवी होती?"

"पहिलीच. डॉक्टर थानिन तेव्हा सोलला परिषदेला गेले होते, पंधरा तारखेपासून. बदली डॉक्टरांनी केली. पोरगी किती चिडली होती! म्हणाली, पैसे थानिनचे घेतले आणि सुरी दुसऱ्याची."

सायफिननं ते लिहून घेतलं. टाकीतून जंतू आला असता तर मॉरीन सुटली नसती. ओराथाई लबाड होती, लोभी होती, तिच्या टाकीचं पाणी हिरवं होतं, आणि त्याबद्दल सायफिन तिला नंतर वेगळी बघणार होती. पण या पाच जणींचं पाप तिच्या पदरात बसत नव्हतं.

तिथून ती क्लिनिकच्या मागच्या खोलीत गेली. बुआफान ईशान्येच्या ईसानकडची, पंचेचाळिशीची, अंगानं बारीक. तोंडाला मास्क लावून ती हिरव्या कापडांच्या घड्या घालत होती. तीन आठवड्यांत तिथे एक पेशंट आला नव्हता, तरी घड्या कडक होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळलेल्या.

"यंत्राच्या नोंदी दाखव."

नोंदी चोख होत्या. वेळ, उष्णता, खुणेची पट्टी, सही. पंधरा वर्षांच्या वह्या ओळीनं लावलेल्या. सायफिननं मधलीच एक ओढून पाहिली, मग आणखी एक. एवढी नेटकी वही तिनं सरकारी इस्पितळातही पाहिली नव्हती.

"तू यंत्र अर्धवट चालवलंस?"

"नाही ताई."

"मग सोमवारी सही कशाची करतेस? तुरुंगात जाशील, कळतंय का?"

"डॉक्टर म्हणाले, ते बघून घेतील." मास्कच्या वर फक्त डोळे होते, आणि ते घड्यांवर होते. "माझं कर्म आहे ताई. मागच्या जन्मीचं काहीतरी."

"मागच्या जन्मीची चौकशी माझ्या खात्यात येत नाही," सायफिन वैतागून म्हणाली. "या जन्मीचं बोल."

बुआफाननं पुढचं कापड घडीला घेतलं.

३

शनिवारी सकाळी सायफिन बाजाराच्या तोंडाशी मालीच्या गाड्यावर भाताची पेज खायला बसली.

"डुकराचे गोळे घाल जास्त."

"आज डुक्कर नाही मावशी, अंडं घालते. खाटीक बंद. आज वान फ्रा ना!"

सायफिनच्या हातातला चमचा थांबला. वान फ्रा. पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्या, महिन्यातले चार पुण्यदिवस. त्या दिवशी खाटीक सुरी उचलत नाहीत आणि अर्धं गाव पहाटे विहारात असतं. कधी सात दिवसांनी येतो, कधी आठ, क्वचित सहा, म्हणून वार धरून बसणाऱ्याच्या तो ध्यानातच येत नाही. मालीच्या डोक्यावर सोनाराच्या दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं, आणि प्रत्येक वान फ्राच्या चौकोनात बुद्धाचं लहानसं चित्र होतं.

"ते कॅलेंडर काढ खाली. अगं काढ, पेज राहू दे!"

पाचही जणींच्या तारखा शोधत तिनं पानं मागे उलटली. पाच जून, चित्र. तेरा जून, चित्र. अठ्ठावीस जून, पाच जुलै, तेरा जुलै. पाचही चौकोनांत बुद्ध डोळे मिटून बसलेला. ओराथाईच्या कॅलेंडरवर नुसती वाळू होती. तिला सात जन्मांत हे दिसलं नसतं.

मॉरीननंतर क्लिनिकचं शस्त्रक्रियागृह दुरुस्तीला गेलं होतं; त्याआधीच्या पानांत चित्र आणखी दोन ठिकाणी होतं. एकोणीस जुलै, म्हणजे मॉरीन, जिला काही झालं नाही. आणि वीस जून.

सायफिननं तिथूनच ओराथाईला फोन लावला. "वीस जूनला पहिली कोण?"

"कुणी नाही ताई. डॉक्टरांनी पहिली वेळ अडवून ठेवली होती. घरचं काम आहे म्हणाले. नोंदवहीत कोरीच आहे बघा."

सायफिननं फोन ठेवला. मालीनं पेज पुढे सरकवली आणि सहज म्हणाली, "त्या बुआफानचं काय झालं मावशी? चांगली बाई हो. प्रत्येक वान फ्राला पहाटे विहारात माझ्या शेजारी बसते. भन्ते विहिरीचं पाणी मंतरून शिंपडतात ना, ते झालं की तशीच कामावर पळते."

सायफिननं पेज बाजूला सारली. वान फ्राच्या पहाटे विहारातून थेट हत्यारांच्या खोलीत कोण जातं, तर बुआफान. विहिरीचं मंतरलेलं पाणी कुणाच्या हाताशी, तर बुआफानच्या. तो एकोणीस चौकटींचा हसरा माणूस बरोबर ठरणार की काय, या विचारानंच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

४

"वीस जून," सायफिन म्हणाली. "सकाळची पहिली वेळ. टेबलावर कोण होतं?"

बुआफान तिच्या भाड्याच्या खोलीच्या दारात उभी होती. घरातही मास्क. सायफिनला एकदम स्वतःचाच राग आला. बंद क्लिनिकमध्ये, घरात, या उकाड्यात ही बाई मास्क का लावून फिरते, हे तिनं पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

"काढ तो."

"ताई, नको."

"बुआफान, मी एकतीस वर्षं घाण बघितलीय. मला कशाची किळस येत नाही. काढ."

बुआफाननं मास्क काढला. नाक वरून खालपर्यंत जांभळं झालं होतं, एका बाजूनं गाठ फुटलेली, त्यावर कापूस. कातडीखालून सिलिकॉनचं टोक दिसत होतं.

"डॉक्टरांनी पंधरा वर्षांच्या नोकरीची भेट म्हणून करून दिलं," ती म्हणाली. "माझं नाक बसकं होतं. लहानपणापासून सगळे हसायचे. मी कधी मागितलं नव्हतं ताई, त्यांनीच म्हटलं. मला वाटलं, हावरेपणा केला म्हणून सडलं."

"आणि सही?"

"सही केली तर औषध देतो म्हणाले. वर्षभराचं औषध, दुसरीकडे कुठे परवडणार मला?"

सायफिन पायरीवर बसली. शिव्या तिच्या तोंडात आल्या होत्या, पण त्या या बाईसमोर देऊन काय उपयोग? त्यांचा मालक दुसरीकडे गारव्यात कॉफी पीत होता.

"नीट आठव. तुझ्या दिवशी हत्यारं कुणी तयार केली?"

"मीच. आदल्या संध्याकाळी. सकाळी विहारातून आले, अंघोळ केली, कपडे बदलले, ताट मांडलं आणि स्वतःच टेबलावर चढले."

"विहारातून पाणी आणतेस?"

"हत्यारांच्या खोलीत?" बुआफान दुखावली. "ताई, मी घरून नेलेलं पाणीसुद्धा त्या खोलीत पीत नाही! भन्तेंचं पाणी डोक्यावर घेते, तेवढंच."

"एकोणीस जुलैला, मॉरीनच्या दिवशीही तूच होतीस? विहारात जाऊन आली होतीस?"

"हो. नेहमीसारखीच."

"मग त्या दिवशी काय वेगळं होतं?"

बुआफाननं थोडा विचार केला. "काही नाही. डॉक्टर नव्हते, म्हणून आम्हाला बाहेर थांबावं लागलं नाही. एरवी वान फ्राला ते लवकर येतात आणि आत एकटेच पाच मिनिटं उभे राहतात. मन शांत करायला. मग पहिली बाई आत घेतात."

५

सोमवारी सकाळी थानिनच्या खोलीत सगळे जमले. कबुलीजबाब टेबलावर, त्याच्यावर सोनेरी पेन. ठाण्यातला हवालदार दाराशी, ओराथाई रुमाल डोळ्यांना लावून, बुआफान मास्क लावून कोपऱ्यात. सायफिननं पिशवीतून पाण्याची अर्धी भरलेली बाटली काढली आणि कबुलीजबाबावर ठेवली.

"आधी हे ऐका, मग सही. आजारी पाच परदेशी बायका, पाचही वान फ्राच्या दिवशी टेबलावर पहिल्या. सहावी वीस जूनची, ती या खोलीतच आहे. वान फ्रा सात आले, बायका सात. सातवी मॉरीन, ती ठणठणीत. तिची हत्यारं बुआफाननंच तयार केली, म्हणजे दोष हत्यारांचा नाही. ती त्याच टाकीत डुंबली, म्हणजे दोष टाकीचा नाही. सात दिवसांपैकी त्या एकाच दिवशी एक माणूस इथे नव्हता."

"ताई, हे काय तर्कट आहे?" थानिन म्हणाला.

"जंतू पाण्यातला आहे डॉक्टर. विहिरीच्या पाण्यातला." तिनं बाटलीवर बोट टेकवलं. "कुणीतरी वान फ्राला मंतरलेलं पाणी आत नेत होतं."

"मग ही काय, समोर उभी आहे! गळ्यात चार ताईत..."

"स्वतःच्या नाकात घातलं तिनं? झोपेत?"

"थोड्याशा पाण्यानं असं होतच नाही!" थानिनचा आवाज चढला. "वाडग्यात तीन-तीन अँटिबायोटिकं असतात! त्यात तीन थेंबांनी काय होणार?"

ओराथाईचा रुमाल डोळ्यांवरून खाली आला.

"कसलं वाडगं?" सायफिननं विचारलं. "मी वाडग्याचं नाव काढलं नाही. थेंबही मोजले नाहीत. तुम्ही मोजलेत."

थानिन बाटलीकडे बघत राहिला.

"ही होय?" सायफिननं झाकण काढून दोन घोट घेतले. "ही मालीच्या गाड्यावरची. उकाडा फार आहे."

हवालदारानं तोंड फिरवलं. तो हसत होता.

मग थानिन बोलायला लागला आणि थांबेना. अशी माणसं एकदा फुटली की ऐकणाऱ्यालाच लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी एका बाईनं खटला भरला होता. ज्योतिषी म्हणाला, राहू मागे लागलाय. दर वान फ्राला पहिल्या कामाला मंतरलेलं पाणी लाव, सगळं निभावून जाईल. डोंगरातल्या एका वृद्ध भन्तेंकडून त्यानं मेअखेर विहिरीच्या पाण्याचे कॅन आणले. ते गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने पडून होते, अजूनही होते. शरीरात बसवायचं सिलिकॉन ज्या वाडग्यात बुडवतात, त्यात तो स्वतःच्या हातानं थेंब टाकायचा.

"भन्तेंनी ते जखमेत घालायला दिलं होतं?"

"उंबऱ्यावर शिंपडायला," थानिन पुटपुटला.

"मीही भन्तेंचं पाणी घेते," सायफिन म्हणाली. "डोक्यावर घेते. मला लाज नाही त्याची. तुम्ही मात्र भिंतीवर लंडन टांगलंत, तोंडानं विज्ञान सांगितलंत आणि दार लावून राहूला लाच दिलीत. बरं, तेही एक वेळ भ्याडपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण पाण्यातला जंतू आहे, असा पर्थचा अहवाल आला, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं. सगळं कळलं होतं. आणि तुम्ही काय केलंत? ग्लेनिसच्या डॉक्टरला फोन नाही केलात. टाइप करायला बसलात."

थानिन पहिल्यांदाच बुआफानकडे वळला. तिनं मास्क काढला होता. ओराथाई किंचाळली आणि खिडकीकडे सरकली.

"डॉक्टर," बुआफान हळूच म्हणाली, "त्या बायकांच्या वाडग्यात तीन थेंब. माझ्या?"

थानिनचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, आणि सायफिनला त्याचा सर्वांत जास्त तिटकारा त्याच क्षणी वाटला.

"तुझ्या वेळी सहा टाकले होते," तो म्हणाला. "तू घरची ना."

बुआफान त्याच्याकडे बघत उभी राहिली. पंधरा वर्षं तिनं या माणसासमोर मान वर केली नव्हती. मग ती हवालदाराकडे वळली.

"सहा," ती म्हणाली. "लिहून घ्या साहेब."